बामाकोहून सेंत-एतिएनला

१९६७ सालच्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. आफ्रिकेहून आलेल्या एका विमानातून वीस वर्षांचा एक सडपातळ तरुण पॅरिसच्या विमानतळावर उतरला. त्याला उतरवून घेण्यासाठी कोणीतरी येईल अशी त्याची अपेक्षा होती. परंतु त्याच्या नावाची चौकशी करणारे तेथे कोणीच नव्हते. परका देश आणि परकी माणसे! एखादा गोंधळून तेथेच बसून राहिला असता. हा तरुण मात्र बाहेर आला आणि त्याने सरळ एक टॅक्सी ठरविली. जावयाचे होते सेंत-एतिएनला.

सेंत-एतिएन ही काही पॅरिसमधली एखादी पेठ नव्हे. पॅरिसच्या दक्षिणेस सुमारे पाचशे किलोमीटरांवर वसलेले ते एक स्वतंत्र शहर आहे. भाड्याचे पैसे तेथील फुटबॉल क्लब देईल, एवढ्या भरवशावर टॅक्सी निघाली. ती क्लबाच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा भाडे हजार फ्रँकांहून अधिक झाले होते. क्लबाने ते चुकते केले. कोणत्याही खजिनदाराच्या कपाळाला आठ्या पडाव्यात असाच हा खर्च होता. पण पुढील पाच वर्षांत त्या तरुणाने मैदानावर जे करून दाखविले ते पाहता, टॅक्सीचे इतके स्वस्त भाडे जगात दुसऱ्या कोणी दिले नसेल असे म्हणावेसे वाटते.

या तरुणाचे नाव सालिफ केइता.

सालिफचा जन्म डिसेंबर १९४६ मध्ये बामाको येथे झाला. पश्चिम आफ्रिकेत माली नावाचा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. उत्तरेकडे सहारा वाळवंटाची अफाट वाळू, तर दक्षिणेकडे शेतीभातीचा मुलूख, आणि त्यांतून मोठे वळण घेत वाहणारी नायजर नदी. बामाको ही मालीची राजधानी या नायजरच्याच काठी आहे. सालिफ लहान होता तेव्हा या देशाला माली म्हणत नसत. तेथे फ्रेंचांचे राज्य होते आणि त्यांनी या मुलखाला ‘फ्रेंच सुदान’ असे नाव दिले होते. १९६० साली हा देश स्वतंत्र झाला आणि त्याने आपले जुने, अभिमानाचे नाव पुन्हा धारण केले. तेराव्या शतकात सुंदियाता केइता नावाच्या राजाने माली साम्राज्याची स्थापना केली होती. त्याच्या पराक्रमाच्या कथा तेथील भाट आजही गातात. आपल्या नायकाचे आडनाव तेच आहे. (याच नावाचा, सालिफ केइता हाच, मालीचा एक जगप्रसिद्ध गायकही आहे. तो निराळा. नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून हे सांगितले.)

देश स्वतंत्र झाला तेव्हा सालिफ तेरा वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचा. नव्या देशाला सारेच नव्याने उभारावयाचे होते. शाळा, रस्ते, दवाखाने यांच्याबरोबर देशाचा ध्वज जगात मिरविणारे खेळाडूही हवे होते. सालिफचा खेळ इतक्या लवकर बहरला की, १९६३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो राष्ट्रीय संघातून खेळू लागला. मालीमध्ये त्याला लोक ‘दोमिंगो’ या टोपणनावाने ओळखत.

त्या काळच्या मालीच्या फुटबॉलचे एक विचित्र दैव होते. विजय अगदी हाताशी येई आणि निसटून जाई. १९६५ साली काँगो देशातील ब्राझाव्हिल शहरी आफ्रिकी देशांच्या क्रीडास्पर्धा भरल्या. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात माली आणि यजमान काँगो यांची गाठ पडली. वेळ संपली, तरी कोणालाही गोल करता आला नाही. आज अशा वेळी पेनल्टी मारून निकाल लावतात. त्या वेळी तशी रीत नव्हती. ज्या संघाला सामन्यात अधिक कॉर्नर मिळाले असतील तो विजयी, असा नियम लावण्यात आला. कॉर्नर काँगोला अधिक मिळाले होते. एकही गोल न खाता माली हरला! पुढच्याच वर्षी, १९६६ साली, आफ्रिकेतील अजिंक्य क्लबांच्या स्पर्धेत सालिफचा रेआल बामाको हा संघ अंतिम फेरीत आला. ही फेरी दोन सामन्यांची असे. पहिला सामना बामाकोने ३-१ असा जिंकला. दुसरा आबिजान येथे झाला आणि तो प्रतिपक्षाने ४-१ असा जिंकला. दोन्ही सामन्यांची बेरीज ५-४ झाली आणि केवळ एका गोलाने चषक गेला.

पराभव झाले, तरी सालिफचे नाव सर्वत्र झाले होते. बामाकोत एक लेबनॉनी व्यापारी राहत असे. तो सेंत-एतिएनच्या संघाचा मोठा चाहता होता. सालिफचा खेळ पाहून त्याने त्या क्लबाला पत्रे पाठविण्यास सुरुवात केली. असा खेळाडू तुम्हांला शोधूनही सापडणार नाही, त्याला बोलावून घ्या, असा त्याचा आग्रह होता. अखेरीस क्लबाने सालिफला बोलावणे धाडले.

पण बोलावणे येणे निराळे आणि जाता येणे निराळे. मालीतील फुटबॉलचे अधिकारी आपला सर्वोत्कृष्ट खेळाडू परदेशी पाठविण्यास राजी नव्हते. त्यांचेही अगदीच चुकले असे म्हणता येणार नाही. ज्या देशाला स्वतंत्र होऊन उणीपुरी सात वर्षे झाली होती, त्याने आपले पहिलेच पिकलेले फळ कालपर्यंतच्या राज्यकर्त्यांच्या ताटात का वाढावे? उलट, वीस वर्षांच्या मुलाच्या बाजूनेही विचार करावयास हवा. खेळाडूची उमेदीची वर्षे थोडी असतात. ती एकदा गेली की कोणताही देश ती परत देऊ शकत नाही. सालिफने उघडपणे भांडण केले नाही. तो गुपचूप मालीबाहेर पडला आणि आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका देशातून त्याने पॅरिसचे विमान पकडले. विमानतळावर तो एकटाच उतरला होता, त्याची हकीकत ही अशी.

सेंत-एतिएन हे कष्टकऱ्यांचे शहर. कोळशाच्या खाणी, बंदुका आणि सायकली तयार करणारे कारखाने आणि फिती विणण्याचे माग यांवर ते वाढले. खाणीतून निघालेल्या मातीचे व दगडांचे काळे ढीग शहराच्या कडेला टेकड्यांसारखे उभे असत. तेथील फुटबॉल क्लब एका किराणा दुकानांच्या मोठ्या पेढीतील नोकरांनी स्थापन केला होता. त्या दुकानांचा रंग हिरवा, म्हणून खेळाडूंचा पोशाखही हिरवा. आठवडाभर घाम गाळून आलेले लोक सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती इतके दाटीने बसत आणि इतका गलबला करीत की, त्या मैदानाला फ्रेंच लोक ‘कढई’ म्हणू लागले. या उकळत्या कढईत नायजरच्या काठचा हा मुलगा येऊन पडला.

सुरुवातीस कागदपत्रांची अडचण होती. मालीकडून रीतसर परवानगी आलेली नसल्यामुळे काही आठवडे त्याला अधिकृत सामन्यांत उतरता आले नाही. एकदा उतरल्यावर मात्र त्याची जागा कायमची झाली. सालिफ आघाडीला खेळे. त्याच्या खेळात दांडगाई नव्हती. चेंडू पायाशी ठेवून तो धावू लागला म्हणजे तो डावीकडे वळणार की उजवीकडे, हे समोरच्याला कळत नसे. अंगाला किंचित झोल देऊन तो प्रतिस्पर्ध्याला एका बाजूस ओढी आणि स्वतः दुसऱ्या बाजूने निसटून जाई. अशा रीतीने दोघा-तिघांना चकवून तो गोलपाशी पोचे, तेव्हा गोलरक्षक बहुधा एकटाच उरलेला असे. त्याची ती मऊ, निःशब्द आणि अचानक झेपावणारी चाल पाहून लोकांनी त्याला ‘काळा बिबळ्या’ असे नाव दिले. माणसाला श्वापदाचे नाव देणे सर्वांनाच रुचेल असे नाही; परंतु सेंत-एतिएनमध्ये ते कौतुकानेच दिले गेले होते. १९६८ साली क्लबाने आपल्या बोधचिन्हावर बिबळ्याचे चित्र घातले ते याच्याच गौरवार्थ.

१९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन वर्षे सेंत-एतिएनने फ्रान्सचे अजिंक्यपद मिळविले. त्यांपैकी १९६८ आणि १९७० साली फ्रान्सचा राष्ट्रीय चषकही त्यांनीच पटकावला. प्रशिक्षक आल्बेर बातो हे मोठे जाणते गृहस्थ होते. संघात एकापेक्षा एक खेळाडू होते. कप्तानी करणारा रोबेर एर्बें, गोलामागून गोल करणारा एर्वे रेव्हेली आणि पहिल्या वर्षी अल्जीरियाचा बुद्धिमान खेळाडू रशीद मेखलूफीही. परंतु ‘कढई’त बसलेल्या खाणकामगाराला विचारले असते, तर त्याने बोट सालिफकडेच दाखविले असते.

१९६९ सालचा एक सामना तेथील लोक अद्याप विसरलेले नाहीत. युरोपातील अजिंक्य संघांच्या चषकासाठी सेंत-एतिएनची गाठ जर्मनीच्या बायर्न म्यूनिक संघाशी पडली. बेकेनबाउअर आणि गेर्ड म्यूलर यांच्यासारखे खेळाडू त्या संघात होते. म्यूनिक येथे झालेला पहिला सामना जर्मनांनी २-० असा जिंकला. आता दुसऱ्या सामन्यात तीन गोलांनी जिंकल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि अशा संघाविरुद्ध तीन गोल करावयाचे म्हणजे काही पोरखेळ नव्हे. खेळ सुरू होऊन दोन मिनिटे होतात न होतात तोच रेव्हेलीने पहिला गोल केला. मध्यंतरानंतर त्यानेच दुसरा केला. दोन्ही पारडी समसमान झाली. घड्याळ पुढे सरकत होते. सामना संपावयास दहाएक मिनिटे उरली असताना सालिफ केइताने तिसरा गोल केला! बायर्न म्यूनिक स्पर्धेबाहेर फेकला गेला.

पुढच्या वर्षी, १९७० साली, त्याला एक अपूर्व मान मिळाला. ‘फ्रान्स फुटबॉल’ हे पॅरिसचे नियतकालिक १९५६ पासून दरवर्षी उत्कृष्ट खेळाडूस सोन्याचा चेंडू देत असे. पण तो मिळण्यासाठी खेळाडू युरोपीय असावा लागे. खेळ कितीही सरस असला, तरी आफ्रिकेच्या माणसाला त्या चेंडूस हात लावता येत नव्हता. १९७० पासून या नियतकालिकाने आफ्रिकेच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूसाठी निराळे पारितोषिक ठेवले, आणि त्याचा पहिला मानकरी सालिफ केइता ठरला. युरोपीयत्वाची ती अट पुढे १९९५ साली निघाली. त्याच वर्षी लायबेरियाच्या जॉर्ज वेआला तो सोन्याचा चेंडू मिळाला. सालिफने खेळ सोडून तोवर बरीच वर्षे लोटली होती.

१९७०-७१ च्या हंगामात त्याने कमाल केली. फ्रान्सच्या साखळी सामन्यांत त्याने एकट्याने ४२ गोल केले! एवढे गोल केल्यावर त्या वर्षीचा पहिला क्रमांक कोणाचा, हे विचारण्याचे कारणच उरू नये. परंतु ब्राझाव्हिलचे ते जुने दैव येथेही आडवे आले. मार्सेय संघाच्या योसिप स्कोब्लार या युगोस्लाव्ह खेळाडूने त्याच हंगामात ४४ गोल केले.

आता या कथेतील कमी आनंदाचा भाग. फ्रान्समध्ये १९६९ पर्यंत असा दंडक होता की, धंदेवाईक खेळाडू एकदा करारबद्ध झाला की वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत तो त्या क्लबाशी बांधला जाई. क्लब हवे तर त्याला विकू शके. पण त्याला मात्र स्वतःच्या मर्जीने जाता येत नसे. खेळाडूंनी झगडून हा दंडक मोडला, तरी क्लबचालकांच्या अंगवळणी पडलेली मालकी एका दिवसात थोडीच जाते! १९७२ साली करारावरून सालिफ आणि सेंत-एतिएन यांच्यात वाद झाला. काही महिने त्याला खेळण्याची मनाई झाली आणि अखेर तो मार्सेय संघात गेला. योगायोग असा की, तेथे त्याचा जोडीदार झाला तो स्कोब्लारच. मार्सेयकडून तो उतरला तो सेंत-एतिएनविरुद्धच्याच सामन्यात. त्याने दोन गोल केले आणि पूर्वीच्या क्लबाच्या चालकांच्या दिशेने हाताने एक असभ्य खूण केली. त्याबद्दल त्याला शिक्षाही झाली. राग खरा होता, पण ती खूण त्याला शोभली नाही.

त्याच १९७२ साली, फेब्रुवारी-मार्च महिन्यांत, कॅमेरून देशात आफ्रिकी राष्ट्रांच्या चषकाचे सामने झाले होते. सालिफ ज्या चमूत होता तो मालीचा चमू अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि तेथे काँगोने त्याला ३-२ असे हरविले. पुन्हा काँगोच!

मार्सेयमध्ये सालिफसमोर एक निराळाच प्रश्न उभा राहिला. फ्रान्समध्ये एका संघाला दोनच परदेशी खेळाडू घेता येत. मार्सेयकडे स्कोब्लार आणि स्वीडनचा मॅग्नुसन असे दोघे होतेच. सालिफ तिसरा झाला. क्लबाने यावर सोपा उपाय काढला. सालिफने फ्रेंच नागरिक व्हावे, म्हणजे तो परदेशी उरणार नाही! एका सहीचे काम होते. फ्रेंच भाषा त्याला येत होती, फ्रान्समध्ये त्याचे नाव होते, पैसाही मिळाला असता. परंतु ज्या देशातून तो रात्रीच्या चोरासारखा निघाला होता, त्याच देशाचे नाव सोडण्यास तो तयार झाला नाही. आपण मालीचे आहोत आणि मालीचेच राहू, या भूमिकेवर तो ठाम राहिला. क्लबाची नोकरी त्याने सोडली. नागरिकत्व सोडले नाही.

१९७३ साली तो स्पेनमधील व्हालेंसिया संघात गेला. तेथेही स्वागत सारखे झाले नाही. क्लब जर्मन खेळाडू आणावयास गेला होता आणि काळा माणूस घेऊन परत आला, अशा अर्थाचा मथळा एका वृत्तपत्राने छापला. या कुचेष्टेस सालिफने मैदानावरच उत्तर दिले आणि तीन हंगाम तो तेथे खेळला. नंतर पोर्तुगालच्या लिस्बन शहरातील स्पोर्टिंग संघातून खेळत असताना १९७८ साली त्या देशाचा चषक त्याच्या हाती आला. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका संघातून काही काळ खेळून १९८० साली त्याने बूट काढून ठेवले.

यानंतर तो बामाकोस परतला. १९९३-९४ च्या सुमारास त्याने तेथे मुलांना फुटबॉल शिकविण्यासाठी एक केंद्र उघडले. मालीतील अशा प्रकारचे ते पहिलेच केंद्र होते. गुणी मुलगा आहे. पण त्याला शिकवायला माणूस नाही, सपाट मैदान नाही, आणि दूरच्या कोणी पत्रे लिहिल्यावाचून त्याचे नाव जगाला कळण्याचा मार्ग नाही, ही स्थिती सालिफने स्वतः अनुभवली होती. येथे खेळलेल्या मुलांपैकी महामदू जारा हा पुढे रेआल माद्रिद संघात गेला. सालिफचा पुतण्या सेदू केइता हाही याच केंद्रात खेळलेला. १९९९ साली वीस वर्षांखालील खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत माली तिसरा आला आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून सेदूची निवड झाली. पुढे तो बार्सेलोना संघात चार वर्षे खेळला. आपल्या मुलांनी दूर जावे, याचे दुःख अशा केंद्रांना नसते; किंबहुना मुले दूर गेल्यावरच केंद्राचा खर्च भागतो. त्यात चांगले किती आणि वाईट किती, हा प्रश्न आफ्रिकेत अजून चर्चिला जातो.

गिनी देशाचे दिग्दर्शक शेक दुकुरे यांनी १९९४ साली ‘सोन्याचा चेंडू’ या अर्थाच्या नावाचा एक फ्रेंच चित्रपट काढला. अनवाणी खेळणाऱ्या एका खेडवळ मुलाची ती कथा सालिफच्या जीवनावरून सुचलेली आहे, आणि त्यात स्वतः सालिफनेही काम केले आहे.

२००५ मध्ये मालीच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष निवडण्याची वेळ आली. ज्या महासंघाच्या नजरेआड होऊन अडतीस वर्षांपूर्वी एक तरुण निसटला होता, त्याच महासंघाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर आता सालिफ केइता बसला. २००९ पर्यंत हे पद त्याच्याकडे होते. परदेशी जाणाऱ्या खेळाडूंच्या कागदांवर शिक्का मारणारे कार्यालय आता त्याच्याच हाताखाली होते.

२ सप्टेंबर २०२३ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, बामाको येथेच त्याचे निधन झाले. टॅक्सीच्या त्या प्रवासाला त्याच महिन्यात छप्पन्न वर्षे पूर्ण होत होती.